फोन फुटतो, अडतं मात्र आपलं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत दोन तऱ्हेची चीड दिसते. कितीही जपा, फोन फुटतोच, ही एक. आणि तो फुटला की तिकीट, बँक, ऑफिसची हजेरी सगळंच अडतं, ही दुसरी. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वर्षभरात फोन कितीतरी वेळा हातातून पडला, ओरखडाही आला नाही. परवा खुर्चीवरून, जेमतेम गुडघाभर उंचीवरून पडला आणि काचेचं जाळं झालं. असं कसं?

काच परवा फुटली, पण तिची तयारी आधीच्या पडण्यांनी आणि खिशातल्या धुळीने करून ठेवली होती.

फोनची काच खिडकीच्या काचेसारखी नसते. कापून, घासून तयार झालेली ही काच साधारण ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. जागा तेवढीच आणि बसणारा मोठा, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. काच ताणाने तुटते, दाबाने नाही. म्हणून पडल्यावर जो ताण येतो त्याला आधी हा साठवलेला दाब फेडावा लागतो, आणि त्यातूनही काही उरलं तरच काच तडकते.

अडचण अशी की दाबाखालचा हा थर फार पातळ असतो. बऱ्याच काचांत तो केसाच्या जाडीच्या आसपासच भरतो. त्याच्या आतली काच उलट ताणात असते. एखादा ओरखडा हा थर भेदून आत पोहोचला, की त्या ठिकाणापुरती काच साधीच राहते. मग जोरदार आपटण्याची गरजही उरत नाही.

ओरखडा कशाने पडतो, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. किल्ल्या आणि नाणी बहुधा निर्दोष असतात. पितळ आणि नेहमीचं पोलाद काचेपेक्षा मऊ असतं. खरा गुन्हेगार वाळूचा कण. मोहस् मापनात, म्हणजे कठीणपणाच्या १ ते १० च्या पट्टीवर, फोनची काच ६ च्या आसपास येते आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. खिशाच्या किंवा पिशवीच्या तळाशी साठलेली बारीक रेती फोनसोबत रोज घासली जाते. किल्ली त्या कणाला काचेवर दाबून धरते, एवढाच तिचा वाटा.

दुसरी गोष्ट म्हणजे पडण्याची तऱ्हा. फोन सपाट पडला तर धक्का सगळ्या पृष्ठभागावर वाटला जातो. कोपऱ्यावर पडला तर सगळा भार काही चौरस मिलिमीटरवर येतो, चौकट क्षणभर वाकते आणि काचेची कड पिळली जाते. गुळगुळीत फरशीपेक्षा खडबडीत डांबरी रस्ता वाईट, कारण खडीची टोकं तो पातळ थर थेट भेदतात. दोन मीटरवरून सपाट पडलेला फोन वाचतो आणि अर्ध्या मीटरवरून कोपऱ्यावर पडलेला फुटतो, यात नशिबाचा भाग कमी आणि कोनाचा जास्त.

आता घरी करता येण्याजोगी तपासणी. फोन बंद करा, म्हणजे काच काळी दिसेल. अंधारात टॉर्च अगदी तिरका धरून काचेवरून फिरवा, विशेषतः चारही कडांवरून. मधले बारीक ओरखडे फारसे चिंतेचे नाहीत. कडेला टवका, किंवा नख अडकेल असा चरा असेल तर काच उसन्या आयुष्यावर आहे असं धरा. अशा चऱ्यातून तडा आपोआपही पुढे सरकतो. हवेतला ओलावा त्याच्या टोकाशी पोहोचला की काचेतले बंध तुटायला मदत होते. त्यावर पारदर्शक टेप लावली तर ओलावा आणि धूळ थोडी रोखली जाते, बोटंही वाचतात. फोन मागच्या खिशात ठेवून बसू नका आणि उन्हात तापलेला फोन एकदम एसीच्या झोतासमोर नेऊ नका.

प्रश्न : टेम्पर्ड ग्लासवर ‘९एच’ लिहिलेलं असतं. ९ म्हणजे नीलमण्याइतकी कठीण ना? मग तिच्यावर ओरखडे कसे येतात?

हा ९ त्या मोहस् मापनातला नाहीच. ही पेन्सिलची चाचणी आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरलेल्या कोनात आणि ठरलेल्या दाबाने पृष्ठभागावर ओढतात. ९एच ही त्या संचातली सर्वांत कठीण पेन्सिल. तिने चरा पडला नाही, एवढाच त्या छापाचा अर्थ. मोहस् मापनात ९ वर नीलमणी असतो. या दोन नवांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि विकणाऱ्यांना हा घोळ गैरसोयीचा वाटत नाही.

तरीही टेम्पर्ड ग्लास जरूर लावा. ओरखडे ती स्वतःवर घेते आणि खालच्या काचेचा दाबाचा थर शाबूत राहतो. कोपऱ्यावरच्या आपटीपासून मात्र ती फारसं वाचवत नाही. ते काम कव्हरचं. तडकलेली ग्लास महिनोन्महिने तशीच ठेवू नका. कडेच्या फटीतून रेती आत शिरते आणि मग रक्षकच खालची काच घासत बसतो.

वळलेल्या कडांच्या स्क्रीनवर पातळ गोंद पसरून तो अतिनील दिव्याखाली सुकवायच्या ग्लास येतात. त्या लावताना कानाजवळच्या स्पीकरची जाळी आणि बाजूची बटणं आधी टेपने बंद करा. गोंद सुकायच्या आधी वाहतो. जाळीत शिरला तर समोरच्याचा आवाज दबतो, बटणात शिरला तर बटण जाम होतं. स्क्रीनखाली बोटाचा ठसा घेणारा सेन्सर असेल तर ग्लास बसवल्यावर जुने ठसे काढून नव्याने नोंदवा. त्यानंतरही ठसा ओळखला जात नसेल तर ती ग्लास त्या सेन्सरसाठी जाड आहे.

प्रश्न : कव्हरवर ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलं असेल तर भरवसा ठेवावा का?

ते शब्द बहुतेक वेळा अमेरिकी लष्कराच्या एमआयएल-एसटीडी-८१० या चाचणीसंहितेकडे बोट दाखवतात. तिची ‘एच’ आवृत्ती २०१९ ची आहे. तीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायची असते. २६ हा आकडा ठोकळ्याच्या भूमितीतून आला आहे : ६ पृष्ठभाग, १२ कडा आणि ८ कोपरे, प्रत्येकावर एकदा. चाचणी ऐकायला कडक वाटते, पण तिच्यात दोन सवलती आहेत. हे २६ पडणं पाच नगांपर्यंत वाटून घेता येतं, आणि पाडायची जमीन काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडची असू शकते, खडीची नसते. शिवाय लष्कर कुठल्याही कव्हरला प्रमाणपत्र देत नाही. संहितेतली कुठली चाचणी घ्यायची, कशी घ्यायची आणि छापायचं काय, हे उत्पादकच ठरवतो.

तेव्हा छाप सोडा आणि कव्हर हातात घेऊन तीन गोष्टी बघा. टेम्पर्ड ग्लास लावल्यानंतरही कव्हरची कड स्क्रीनच्या वर निदान एक मिलिमीटर उठलेली हवी. फोन पालथा ठेवून टेबल आणि काच यांत जाड कागद सरकतो का पाहिलं की कळतं. कोपरे बाजूंपेक्षा जाड किंवा पोकळ हवेत, कारण धक्का दाबला जायला जागा लागते. आणि कव्हर टीपीयूसारख्या, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचं हवं. नुसतं कडक प्लास्टिक धक्का जसाच्या तसा आत पोहोचवतं. पारदर्शक टीपीयू कालांतराने पिवळं पडतं, त्याने संरक्षण लगेच कमी होत नाही, पण कोपरा ताठर झाला किंवा चिरला की कव्हर बदला. महिन्यातून एकदा कव्हर काढून पुसा. आत अडकलेली रेती मागची काच घासत असते.

प्रश्न : स्क्रीन पूर्ण गेली आहे. फोन वाजतो, थरथरतो, पण काही दिसत नाही. आतले फोटो आणि नंबर कुठेही कॉपी केलेले नाहीत. सगळं गेलं का?

नाही. माहिती स्क्रीनमध्ये नसते, बोर्डवरच्या चिपमध्ये असते, आणि बोर्ड चालू आहे हे वाजण्यावरून दिसतंच आहे. फक्त घाईत एक गोष्ट करू नका : फोन बंद करून चालू करू नका, आणि बॅटरीही संपू देऊ नका. लगेच चार्जरला लावा.

त्यामागचं कारण असं. आजच्या फोनमधली माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते. फोन एकदा पिन टाकून उघडलेला असेल तर पुढे बोटाने उघडतो. बंद करून चालू केलात की पहिल्यांदा पिनच लागतो, बोट किंवा चेहरा चालत नाही. काळ्या पडलेल्या आणि स्पर्श न घेणाऱ्या स्क्रीनवर पिन टाकणार कसा? नुसता वेळ गेला तरी तीच गत होते. अँड्रॉइड साधारण ७२ तासांनी पुन्हा पिन मागतो. म्हणजे ‘रविवारी बघू’ म्हणून ठेवून देण्यासारखं हे काम नाही.

आता क्रमाने करा.

सिमकार्ड काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घाला. साधा बटणांचा फोनही चालेल. कॉल आणि एसएमएसवर येणारे कोड त्याच क्षणी परत सुरू होतात. ई-सिम असेल तर असं उचलून घालता येत नाही, मोबाइल कंपनीकडून ते दुसऱ्या फोनवर नव्याने घ्यावं लागतं. दर थोड्या दिवसांनी फोन पाडणाऱ्या माणसाने प्लास्टिकचं सिमच वापरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चित्र दिसतंय पण टच मेला आहे, अशी स्थिती असेल तर काम सोपं आहे. ओटीजी ॲडॉप्टर (फोनच्या पोर्टला युएसबी वस्तू जोडायचा छोटा तुकडा) लावून त्यात संगणकाचा साधा माउस जोडा. अँड्रॉइडवर बाण दिसू लागतो आणि बोटाचं सगळं काम माउसने होतं.

चित्रच नसेल तर टाइप-सी हबमध्ये माउस, कीबोर्ड आणि टीव्हीला जाणारी एचडीएमआय केबल जोडून बघा. मात्र हे त्याच फोनवर चालतं ज्याच्या पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतो. स्वस्त फोनांमध्ये ही सोय सहसा नसते. टीव्हीवर काही आलं नाही तरी कीबोर्डने आंधळेपणाने प्रयत्न करता येतो. एक कळ दाबून फोन जागा करा, स्पेसबार दाबा, पिन टाइप करा, एंटर. कुलूप उघडल्याचा आवाज लावलेला असेल तर तो ऐकू येईल. आयफोनबाबत एक अडसर आहे. तो तासाभराहून जास्त वेळ लॉक राहिला तर नव्याने जोडलेली युएसबी वस्तू अनलॉक केल्याशिवाय मानत नाही. पण पूर्वी ज्या संगणकावर ‘ट्रस्ट’ केलं असेल, तिथे बॅकअप घेता येतो का हे आधी बघा.

यातलं काहीच जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याला तेवढ्यापुरती एखादी जुनी किंवा हलक्या प्रतीची स्क्रीन जोडायला सांगा. चिकटवायची नाही, नुसती तिची जोडणीची पट्टी बोर्डला लावायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पिन टाका, माहिती संगणकावर उतरवा, आणि मग नवी स्क्रीन टाकायची की नवा फोन घ्यायचा हे शांतपणे ठरवा. या टप्प्यावर फोन रीस्टार्ट झाला तरी बिघडत नाही, पिन टाकायला स्क्रीन आहे.

प्रश्न : एक दुरुस्तीवाला म्हणतो फक्त काच बदलू, दुसरा म्हणतो पूर्ण डिस्प्लेच बदलावा लागेल. कोण खरं बोलतो?

दोघेही खरं बोलत असू शकतात. वरची काच, स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारं पॅनेल हे आज एकमेकांना चिकटलेलं एकच पान असतं. तड्यांखाली चित्र स्वच्छ असेल आणि टच सगळीकडे चालत असेल तर फक्त वरची काच गेली. शाईसारखा काळा डाग, हिरव्या-गुलाबी उभ्या रेषा किंवा मेलेला पट्टा दिसत असेल तर पॅनेल गेलं. ओएलईडीतला (ज्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा पॅनेलमधला) काळा डाग वाढत जातो, कारण फटीतून आत आलेली हवा आणि ओलावा पॅनेलचे थर खराब करत राहतात.

काच वेगळी करताना स्क्रीन गरम प्लेटवर ठेवतात, बारीक तार ओढून काच सोडवतात, जुना गोंद साफ करतात, मग पारदर्शक चिकट फिल्म टाकून नवी काच निर्वात यंत्रात बसवतात. लवचीक ओएलईडी पॅनेल कागदासारखं असतं. तार जरा खाली गेली की ते संपलं. यंत्र आणि सरावाचा हात असेल तर काम उत्तम होतं आणि तुमचं मूळ पॅनेल राहतं. फक्त एक गोष्ट आधी बोलून घ्या : काच काढताना पॅनेल गेलं तर खर्च कुणाचा? या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पूर्ण डिस्प्लेच बदलून घ्या किंवा दुसरीकडे जा.

पूर्ण डिस्प्ले बदलायचा तर कोणत्या प्रतीचा, हे नेमकं विचारा. ‘ओरिजिनल’ या शब्दावर थांबू नका. कंपनीचा नवा, कंपनीच्याच पॅनेलवर नवी काच चढवलेला, इतरांनी बनवलेला ओएलईडी, आणि ओएलईडीच्या जागी बसवलेला एलसीडी, असे चार प्रकार तरी बाजारात असतात. शेवटचा सर्वांत स्वस्त. तो जाड असतो, त्यामुळे कड किंचित वर उठलेली राहते आणि पुढच्या वेळी तीच आधी आपटते. काळा रंग करडा दिसतो, बॅटरीही जास्त खातो. आणि स्क्रीनखालचा प्रकाशावर चालणारा ठसा-सेन्सर त्यासोबत चालत नाही. घरी गेल्यावर ‘बोट का घेत नाही’ म्हणून परत येणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार.

चौकटीकडे कुणी बघत नाही, पण बघा. कोपरा आत दबलेला असेल आणि तो सरळ न करता नवी काच बसवली, तर ती पहिल्या दिवसापासून तिथे दाबलेली राहते. मग आठवड्याभरात ‘न पडताच तडकली’ अशी तक्रार येते. आणि एकदा उघडलेल्या फोनची पाणीरोधकता गेली असं समजूनच चाला. नवी चिकटपट्टी टाकली तरी कारखान्यातल्यासारखी खात्री मिळत नाही.

पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून बघायच्या गोष्टी : एखादा आयकॉन दाबून धरा आणि पूर्ण स्क्रीनभर, कोपऱ्यांपर्यंत फिरवा, कुठे सुटला तर टच तिथे मेला आहे. पूर्ण पांढरं आणि पूर्ण करडं चित्र उघडून डाग शोधा. कॉल लावून स्पीकरजवळ हात धरा, स्क्रीन विझली पाहिजे. पुढचा कॅमेरा, कानाचा स्पीकर, बोटाचा ठसा, आपोआप कमी-जास्त होणारा उजेड हे सगळं तपासा. दुरुस्तीला देताना पिन सांगू नका. काही फोनांत ‘मेंटेनन्स मोड’ किंवा ‘रिपेअर मोड’ असतो, तो चालू केला की तुमचे फोटो आणि ॲप झाकलेले राहतात पण तपासणी करता येते.

प्रश्न : फोन पाण्यात पडला. तांदळाच्या डब्यात किती तास ठेवू?

एकही तास नको. कोरडे तांदूळ बंद फोनच्या आतलं पाणी खेचून घेत नाहीत. उलट त्यांची पूड पोर्टमध्ये शिरते. ॲपलनेही तांदूळ वापरू नका असं आपल्या सूचनांत लिहिलं आहे.

फोन मरतो तो पाण्याने कमी आणि पाण्यातून वाहणाऱ्या विजेने जास्त. म्हणून बाहेर काढताच फोन बंद करा, चार्जर लावू नका, ‘चालतोय का’ म्हणून बटणं दाबत बसू नका. कव्हर आणि सिमचा ट्रे काढा. पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, मग पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा. हेअर ड्रायर नको. गरम झोत चिकटपट्टी सैल करतो आणि पाणी आणखी आत ढकलतो. पाणी खारं किंवा साबणाचं असेल आणि फोन पाणीरोधक असेल तर आधी गोड्या पाण्याने हलकेच धुवून घ्या, कारण सुकल्यावर उरणारं मीठ जास्त घातक. पाणीरोधक नसेल तर वाळायची वाट न बघता त्याच दिवशी फोन उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्यावा. दोन दिवस चालला म्हणजे वाचला, असं नाही. गंज हळूहळू चढतो.

आयपी६८ लिहिलेलं असूनही पाणी गेलं, असंही एका पत्रात आहे. त्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. ही चाचणी नव्या फोनवर, स्थिर गोड्या पाण्यात होते. दोन वर्षं वापरलेल्या, तीनदा पडलेल्या फोनची चिकटपट्टी तशी राहत नाही, आणि पाण्याचं नुकसान वॉरंटीत सहसा धरलंही जात नाही.

प्रश्न : चार्जिंगची पिन सैल झाली आहे. केबल धरून ठेवली तरच चार्ज होतो.

पोर्ट बदलण्याआधी साफ करा. केबल ‘टक्’ करून बसत नसेल आणि तिचं धातूचं टोक थोडं बाहेर दिसत असेल तर आत खिशातली लव ठासून बसली आहे. फोन बंद करा, लाकडी दात-कोरणं तासून चपटं करा आणि मधल्या पातळ जिभेला धक्का न लावता, कडेकडेने तळाची लव उकरून काढा. टाचणी किंवा सुई नको. त्या जिभेवर बारीक संपर्कपट्ट्या असतात, त्यांतल्या दोन एकमेकींना जोडल्या गेल्या की काम वाढतं. फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. साफ करूनही सैल वाटलं तर आधी दुसरी केबल लावून बघा.

प्रश्न : फोन पडला नाही, तरी स्क्रीन एका बाजूने उचलली गेली आहे.

बॅटरी फुगली आहे. आत वायू साठून ती स्क्रीनला आतून ढकलते. चार्ज करणं आत्ताच थांबवा, स्क्रीन दाबून परत बसवू नका, बॅटरीला टोचू नका. फोन बंद करून कागद-कापडापासून लांब, फरशीवर किंवा धातूच्या भांड्यात ठेवा आणि बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात जाता कामा नये.

प्रश्न : मला स्मार्टफोन नकोच आहे. बटणांचा फोन पुरतो, पडला तरी फुटत नाही. पण जिथे जावं तिथे ‘ॲप डाउनलोड करा’ म्हणतात. सुटका आहे का?

बरीच आहे. मात्र प्रत्येक ठिकाणी ‘ॲप हवं’ याचा खरा अर्थ काय, हे वेगळं करावं लागतं. कधी त्यांना फक्त तुमची ओळख पटवायची असते, कधी तिकीट दाखवायचं असतं, कधी निरोप पाठवायचा असतो. यांतल्या थोड्याच कामांना खरोखर स्मार्टफोन लागतो.

ओळख पटवणं. एसएमएसने येणारा कोड बटणांच्या फोनवर तसाच येतो. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड दाखवणारं ‘ऑथेंटिकेटर ॲप’ मागत असतील, तर लक्षात घ्या की त्या चौकोनी क्यूआर चित्रात फक्त एक गुप्त किल्ली असते. अक्षरं आणि आकडे, बाकी काही नाही. ‘स्कॅन करता येत नाही’ या पर्यायावर टिचकी मारली की ती किल्ली अक्षरांत दिसते. ती संगणकावरच्या कीपासएक्ससीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये घातली की तोच कोड संगणकावर मिळतो. अट एकच, संगणकाचं घड्याळ बरोबर हवं, कारण कोड किल्ली आणि वेळ यांपासून तयार होतो. किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा. स्मार्टफोन वापरणाऱ्यांनीही हे करावं. मग फोन फुटल्यावर खात्याबाहेर राहायची वेळ येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे युएसबीत लावायची सुरक्षा-किल्ली. अंगठ्याएवढी, बॅटरी नाही, स्क्रीन नाही, फुटण्यासारखं फारसं काही नाही. घ्यायची तर दोन घ्या, दोन्ही नोंदवा, एक घरी ठेवा. ऑफिसने खासगी फोनवर ॲप टाकायला सांगितलं तर हीच किल्ली मागा. आणि खात्याला ही दुहेरी तपासणी लावल्यावर मिळणारे राखीव कोड छापून ठेवा. गूगल असे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो.

काही संस्था स्वतःच्याच ॲपवर अडून बसतात. तिथे काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याच्या पडद्यावर दुसरा पर्यायच नसतो. लेखी विचारा : ‘ज्या ग्राहकाकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी कोणती व्यवस्था आहे?’ काही बँका कोड दाखवणारं छोटं यंत्रही देतात, पण न मागता त्याचं नाव कुणी काढत नाही.

तिकीट. क्यूआर कोड हे चित्र आहे, कागदावर छापलं तरी तेच चालतं. छापताना भोवतीची पांढरी पट्टी कापू नका. कोडमधल्या एका बारीक चौकोनाच्या चौपट रुंदीची मोकळी जागा चारही बाजूंनी लागते, नाहीतर यंत्राला कोड कुठे सुरू होतो ते कळत नाही. थोडा चुरगळलेला किंवा डाग पडलेला कोड चालतो. निवडलेल्या पातळीनुसार साधारण ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी तजवीज त्याच्या रचनेतच असते. अपवाद दर काही सेकंदांनी बदलणाऱ्या कोडचा. तो छापता येत नाही. अशा वेळी खिडकीवर छापील तिकीट मिळतं का, हे आधीच विचारून ठेवा.

निरोप. इथे मात्र पळवाट अर्धवट आहे. केएआयओएस या प्रणालीवरच्या बटणांच्या फोनांत चालणारं व्हॉट्सॲप २०२५ मध्ये बंद झालं. संगणकावरचं व्हॉट्सॲप मुख्य फोनशी जोडलेलं असतं. तो फोन १४ दिवसांहून जास्त काळ वापरला नाही तर जोडणी तुटते. यावर चालणारा तोडगा असा : सिम बटणांच्या फोनमध्ये, आणि एक जुना स्मार्टफोन सिमशिवाय, घरच्या वायफायवर, टेबलावर कायमचा. नोंदणीचा कोड बटणांच्या फोनवर येतो, तो जुन्या फोनमध्ये टाकायचा. खिशात न फिरणारा फोन फारसा पडत नाही. त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नसतील तर बँकेची ॲप मात्र त्यात ठेवू नका.

बटणांचा फोन घेताना ४जी आणि व्होएलटीई (४जीवरून कॉल करायची सोय) आहे का हे बघा. अनेक देशांत २जी-३जी बंद झाली आहे किंवा होत आहे, आणि जुन्या जाळ्यावरचा फोन कितीही दणकट असला तरी मग तो फक्त घड्याळ राहतो.

प्रश्न : स्मार्टफोन घ्यावाच लागला, तर कमी फुटणारा कसा ओळखायचा?

सपाट स्क्रीन, काचेभोवती जराशी उठलेली चौकट, प्लास्टिकची पाठ. काचेची पाठ म्हणजे फुटायला दुसरी बाजू. आणि हलका फोन. एक मीटरवरून पडताना २०० ग्रॅमचा फोन सुमारे दोन जूल ऊर्जा घेऊन जमिनीवर येतो, १५० ग्रॅमचा दीड. घडीच्या फोनांची आतली स्क्रीन नखानेही दबते, वारंवार पाडणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनांना नवे नियम लागू आहेत. घडीचा नसलेला फोन वेगळं संरक्षण न लावता ४५ वेळा पडून चालू राहिला पाहिजे, बॅटरीत ८०० चार्जिंगनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. तिथल्या लेबलवर पडण्याच्या टिकाऊपणाला ए ते ई अशी श्रेणी छापतात. तुम्ही कुठेही राहत असा, तेच मॉडेल युरोपात विकलं जात असेल तर ही श्रेणी बघून घ्यायला हरकत नाही. फेअरफोनसारख्या काही फोनांची स्क्रीन स्क्रू काढून घरीच बदलता येते. असे फोन थोडेच आहेत, आणि ते सगळीकडे मिळतही नाहीत.

प्रश्न : हात थरथरतात. फोनला दोरी लावली तर चालेल का, की ती आणखी कुठे अडकेल?

जरूर लावा. कव्हर आणि फोन यांच्यामध्ये सरकवायची पातळ पट्टी मिळते, तिचं कडं चार्जिंगच्या भोकातून बाहेर येतं. पट्टी एक मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर कव्हर कोपऱ्यात नीट बसत नाही. आणि कड्याने पोर्ट पूर्ण झाकला जाणार नाही हे बघा. मागच्या बाजूने वायरलेस चार्जिंग करत असाल तर धातूची पट्टी चालणार नाही. मनगटाची दोरी साधी असली तरी पुरते. गळ्यात घालणार असाल तर झटका बसताच आपोआप सुटणारी कडी असलेलीच घ्या, आणि दोरी इतकीच लांब ठेवा की फोन सुटला तरी टेबलाच्या कडेवर आदळणार नाही.